गणवीर मॅडमनी न दाबलेलं एंटर

गणवीर मॅडमबद्दल मी आजवर कोणापाशी नीट बोललेलो नाही. जुने विद्यार्थी दिवाळीला फोन करायचे आणि बोलता बोलता विचारायचे, "सर, गणवीर मॅम कुठे असतात हो आता?" मी म्हणायचो, "महूलाच असतील," आणि विषय बदलायचो. माझ्या निरोप समारंभात मी कॉम्प्युटर सेंटरमधल्या सगळ्यांची नावं घेतली, एसी दुरुस्त करायला येणाऱ्याचंसुद्धा. त्यांचं घेतलं नाही. कोणाच्या लक्षात आलं असेल का, या विचाराने गळ्यातला हार टोचत होता.

गेल्या हिवाळ्यात निकिताचा फोन आला. ती त्यांची आवडती विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, मॅम नहीं रहीं." मी "अरेरे" म्हणालो आणि फोन ठेवला. शैला, माझी बायको, स्वयंपाकघरातून विचारत राहिली, "कोण गेलं? कोणाचा फोन?" तिला या प्रकरणातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे. उरलेली अर्धी तिलाही मी सांगितलेली नाही. आता नावं विसरायला लागलोय. ही गोष्ट विसरण्याआधी, आणि माझ्याच मनात ती हळूहळू सोयीची होण्याआधी, लिहून काढतो.

विशाखा गणवीर इंदूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आल्या तेव्हा मी तिथल्या कॉम्प्युटर सेंटरचा प्रमुख होतो. मुलाखतीत मीच त्यांना निवडलं. ठेंगणा बांधा, घट्ट बांधलेले केस, आणि पायांत बारा महिने शाळकरी मुलीसारखे काळे बूट. महूहून बसने यायच्या. आजोबा फौजेत, वडीलही फौजेत. वडिलांकडे कुठल्याशा भांडाराच्या कुलपांची जबाबदारी होती. त्यांची एक सवय मॅडमकडे आली होती. दार लावलं की बाहेरून एकदा ओढून बघायचं. लॅबचं, कपाटाचं, कँटीनच्या फ्रिजचंसुद्धा. मुलं हसायची. त्या म्हणायच्या, "हसा. पण लावलंय असं वाटणं वेगळं आणि लागलंय ते वेगळं."

दुसरी सवय याच्या उलट वाटावी अशी. दुसऱ्याच्या वस्तूला त्या विचारल्याशिवाय हात लावत नसत. विद्यार्थी अडला आहे, त्यांना बोलावतो आहे, तरी शेजारी उभ्या राहून आधी विचारणार, "हात लावू?" तो हो म्हणाला की मगच माउस धरायचा.

एकदा राजेंद्र नगरला आमच्या घरी चहाला आल्या होत्या. निघताना फाटकापाशी थांबल्या.

"वहिनी, हात लावू?"

शैला म्हणाली, "अहो, फाटक आहे ते. लावा की."

मॅडमनी बाहेरून दोन बोटं आत घातली आणि कडी वर उचलली. फाटक उघडलं. "बघा. कुलूप भारी आहे, पण कडीच निघते." त्यानंतर बुटाच्या टोकाने माती उकरून तिथे गळून पडलेला स्क्रू शोधून शैलाच्या हातावर ठेवला. त्या गेल्यावर शैला म्हणाली, "ही बाई येऊन गेली की मला माझंच घर दुसऱ्याचं वाटतं बाई." पण स्क्रू तिने त्याच दिवशी बसवून घेतला.

मॅडमचा विषय समजायला एवढी कडी पुरेशी आहे. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. विद्यार्थ्याने आपल्या फाइली बघाव्यात, दुसऱ्याच्या उघडू नयेत. सगळ्यांच्या वर एक मालक असतो, त्याचं नाव रूट. त्याला कुठलंच दार बंद नसतं. खालच्या पायरीवरचा माणूस कुठल्या फटीतून रूट होऊन बसतो, आणि ती फट कशी बुजवायची, हे त्या शिकवायच्या. आधी फोडायला आणि मग बुजवायला. मी जुन्या जमान्यातला, पंचकार्डं पाहिलेला माणूस. पण त्यांचा वर्ग असला की मागच्या बाकावर जाऊन बसायचो.

वर्गात प्रत्येकाला सरावाचं एक मशीन मिळायचं. ते आपल्या परीने बंदोबस्तात ठेवायचं आणि दुसऱ्यांच्या मशीनमध्ये फट शोधायची. सापडली की पडद्यावर सगळ्यांसमोर दाखवायची. मात्र नियम असा होता की, शोधणाऱ्याने मशीन कोणाचं ते सांगायचं नाही. ज्याचं असेल त्याने हात वर करून म्हणायचं, "पोहे माझ्याकडे." मग त्यानेच पुढे येऊन ती फट बुजवायची, शोधणारा शेजारी उभा राहणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेरच्या ठेल्यावर त्याच्याकडून सगळ्यांना पोहे-जलेबी.

हात वर येईपर्यंत मॅडम बोलायच्या नाहीत. खुर्ची खिडकीकडे वळवायच्या, चष्मा काढायच्या आणि पदराने काचा पुसत बसायच्या. चष्म्याशिवाय त्यांना फारसं दिसत नसे. मला वाटतं, म्हणूनच काढत असाव्यात. ज्याला हात वर करायचा आहे त्याच्याकडे कोणी बघत नाहीये एवढी सोय.

अर्पित नावाचा एक मुलगा होता, भारी तोंडाळ. "मॅम, मेरी मशीन में तो चींटी भी नहीं घुसेगी." पुढच्याच तासाला निकिताने पडद्यावर एक मशीन फोडून दाखवलं. मालकाने सोयीसाठी एक छोटा प्रोग्राम असा ठेवला होता की तो कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालायचा. मॅडम म्हणाल्या, "प्राचार्यांचा शिक्का तुम्ही शिपायाच्या हातात दिलात, आणि शिपाई असा भला की कोणी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर मारतो." मग खुर्ची वळली, चष्मा उतरला.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "भिया, बोल दे. कान लाल हो गए तेरे."

"मेरे नहीं हुए."

"टमाटर हो रिया है पूरा!"

शेवटी अर्पितचा हात वर आला. "पोहे मेरी तरफ से." टाळ्या पडल्या. मॅडमनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आणि जलेबी. मुंगीचं बोलला होतास ना, त्याची."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "नाव घेऊन मोकळं का होत नाही तुम्ही? किती वेळ जातो."

"सर, मी नाव घेतलं तर पुढच्या वेळी तो लपवेल. स्वतः बोलला तर पुढच्या वेळी आधीच येऊन विचारेल. मला ती पुढची वेळ बघायची असते."

एकदा माझ्याही सरावाच्या मशीनमध्ये फट निघाली. मी आनंदाने हात वर केला. मुलांनी बाकं वाजवली. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर मी स्वतः सगळ्यांच्या प्लेटवर शेव आणि जिरावणाचा मसाला भुरभुरला. ते सरावाचं मशीन होतं. त्यात कोणाचं काही नव्हतं.

त्या वर्षी परीक्षा संपल्यावर मॅडम मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या. "सर, रिझल्टचा सर्व्हर एकदा बघून घेऊ? हात लावू?"

मी जेवून येत होतो, तोंडात बडीशेप होती. "लावा की. त्यात विचारायचं काय!" आजूबाजूला कोणी नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या, दार लावलं, ओढून बघितलं.

"सर, पोहे निघाले."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट दर तासाला आपोआप चालायची आणि निकालाच्या फाइलींची नक्कल काढून ठेवायची. चालायची रूटच्या अधिकाराने. आणि त्या स्क्रिप्टची फाइल मात्र कोणालाही बदलता येत होती. "म्हणजे डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर सह्यांचा गठ्ठा आहे, ते न वाचता सह्या करतात, आणि खोलीला दार नाही. कोणीही यावं, आपला कागद त्यात सरकवावा. मी एक रिकामी ओळ घालून बघितली सर, गेली आत. लगेच काढून टाकली."

त्यांनी फाइलचं नाव सांगितलं. ती स्क्रिप्ट माझी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी परीक्षा विभागातले सक्सेनाजी दारात येऊन उभे राहिले होते, "दिघे साहब, सेव ही नहीं हो रहा, आप कुछ करो ना." मी घाईत होतो. सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. तीन साते टाइप केले की होतं ते. नंतर नीट करू म्हणालो. मॅडम वर्गात त्या तीन सात्यांना म्हणायच्या, "दार सताड उघडं टाकायचं आणि चौकटीला तोरण बांधायचं." मी मागच्या बाकावर बसून त्यावर हसलो होतो.

आणि त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "कोणी लिहिलीय ही?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा लावला. "ते राहू द्या सर. आत्ता बंद करू या. दोन मिनिटांचं काम आहे."

"रिझल्टच्या तोंडावर हात नको. काही अडकलं तर माझी खाल काढतील. रिझल्ट लागू द्या."

"उघडं राहील सर."

"किसको पता है? तुम्हाला आणि मला."

"मला सापडलं म्हणजे कोणालाही सापडेल. मी लिहून देऊ का?"

"नको, नको. लिहिलं की दहा जण वाचतात."

त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "लवकर करा सर. मला घरी गेल्यावरही ते दार उघडं दिसतं." त्यानंतर मलाही दिसायला लागलं. जेवताना, टीव्ही बघताना, शैला काही सांगत असताना. रोज ठरवायचो, आज बंद करू. पण बंद करायचं म्हणजे ते माझं आहे हे आधी स्वतःशी म्हणावं लागलं असतं. रिझल्ट लागला की करू, म्हणत दिवस ढकलले.

रिझल्ट लागला. कॉलेजात ज्यांचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं अशी काही मुलं चांगल्या गुणांनी पास झाली. वर्गातल्या मुलांनीच ओरड केली. उत्तरपत्रिका काढून ताडून पाहिल्या तर सर्व्हरवरचे गुण वेगळे. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण कॉलेजात कुजबुज सुरू झाली: हॅकिंग कोण शिकवतं इथे? डायरेक्टरांनी चौकशी समिती बसवली. ते स्वतः, परीक्षा नियंत्रक, आणि संस्थेच्या मंडळावरचे देवधर. माहीतगार म्हणून मी. मॅडमनी समितीला सांगितलं होतं की फट कुठे आहे ते दाखवते.

समिती बसायची होती त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कॉलेजात गेलो. सर्व्हरवर लॉगिन केलं आणि फाइलची परवानगी बदलली. एक ओळ, एक एंटर. ज्या कामाला इतके दिवस धीर झाला नाही, ते चहा गार व्हायच्या आत उरकलं. लगेच दुसरी भीती. परवानगी बदलली की बदलल्याची वेळ मशीन आपणहून टिपून ठेवतं. ती वेळ बघायची कमांड मला मॅडमनीच शिकवली होती. स्टॅट. इंग्रजी चार अक्षरं. ती वेळ पुसायला गेलो तर आणखी खुणा राहतील, म्हणून तसाच उठलो.

समितीसमोर मॅडम काळे बूट घालून ताठ बसल्या होत्या. डायरेक्टर म्हणाले, "मैडम, पहले ये बताइए, सर्वर को हाथ लगाने की परमिशन किसने दी?"

"विचारून लावला सर. पूछ के लगाया. जिनसे पूछा, वो बताएँगे."

मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होतो. काठावर कोणाच्या तरी बोटाचा ठसा होता. तो मला अजून आठवतो.

"आप लड़कों को चोरी सिखाती हैं," परीक्षा नियंत्रक म्हणाले.

"बंद करना सिखाती हूँ. खोले बिना पता नहीं चलता कि बंद है या नहीं."

"तो खोलिए. दिखाइए अपना वो छेद."

त्या की-बोर्डपाशी आल्या आणि सवयीने माझ्याकडे वळल्या. "हात लावू, सर?" मी मान हलवली. त्यांनी साधा विद्यार्थी म्हणून लॉगिन केलं, ती फाइल उघडली, एक ओळ लिहायला गेल्या. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा प्रयत्न केला नाही. एकदम हलक्या आवाजात, मराठीत, म्हणाल्या, "बंद झालंय." आणि मग, "चांगलं झालं."

आज इतक्या वर्षांनी शपथेवर सांगतो, त्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पुढचं त्यांच्या ध्यानात यायला आणखी एक क्षण लागला.

"मतलब छेद था ही नहीं?" डायरेक्टर म्हणाले.

मॅडमनी टाइप केलं: स्टॅट, आणि पुढे त्या फाइलचं नाव. भिंतीवरच्या पडद्यावर ती ओळ उभी राहिली. त्या तिघांना तिचा अर्थ कळत नव्हता. मला कळत होता. एक एंटर, आणि आज सकाळची वेळ पडद्यावर आली असती. सकाळी सेंटरची किल्ली कोणाकडे होती हे सगळ्यांना माहीत होतं. पेन्शनरांच्या रांगेत मला बघून लोक काय बोलतील इथपर्यंत मी जाऊन आलो.

त्यांचं बोट एंटरवर होतं. मग त्यांनी हात मांडीवर घेतला, खुर्ची खिडकीकडे वळवली, चष्मा काढला आणि पदराने काचा पुसायला लागल्या.

त्या तिघांना वाटलं, बाई रडतायत. नियंत्रकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मला माहीत होतं त्या काय करतायत. मला वेळ देत होत्या, अर्पितला दिला होता तसा. एक काच पुसून झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली घेतली. माझा उजवा हात टेबलाखाली होता. तो मी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.

मॅडमनी चष्मा लावला. बॅकस्पेस दाबून ती ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत पुसली. लॉगआउट केलं. "मी जाऊ?" असं मराठीतच विचारलं आणि गेल्या. दार लागलं, आणि बाहेरून एकदा ओढून बघितल्याचा खट् असा आवाज आम्हा चौघांना आतून ऐकू आला.

देवधरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दिघे, घाबरू नका. आपल्यातल्या माणसाला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही." मॅडम घरी माझ्यासारखीच मराठी बोलत. आमचे आजोबा इंदुरात येण्याच्या आधीपासून त्यांचे आजोबा महूला होते. 'आपल्यातला' म्हणजे कोण हे देवधरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. आणि ते तसं वाटलं, हे आज लिहिताना समितीतल्या गप्प बसण्यापेक्षा जास्त जड जातंय.

मॅडमना राजीनामा द्यायला लावला. कारण दिलं, विनापरवानगी सर्व्हर हाताळला. वर्ग बंद झाला. अर्पित माझ्या केबिनमध्ये आला. "सर, मॅम ने सच में बिना पूछे किया? वो तो हमारा माउस भी पूछ के पकड़ती थीं."

मी म्हणालो, "बेटा, इन्क्वायरी हो चुकी है."

तो निघून गेला. त्यानंतर दिवाळीला त्याचा फोन कधी आला नाही.

मी निवृत्त झालो. राजेंद्र नगरच्या घरी रोज संध्याकाळी फाटकाला कुलूप लावलं की ओढून बघायची सवय मला कधी लागली ते कळलं नाही. कडी धरून उभा राहायचो. शैला वरून हाक मारायची, "अहो, लागलंय ते. या आत."

काही वर्षांनी निकिताकडून कळलं की मॅडम दर रविवारी महूला एका सभागृहात मुलांना फुकट शिकवतात. एका रविवारी मी शैलाला खजराण्याला गणपतीला जातो असं सांगून निघालो. वाटेत सगळ्या वर्गाला पुरतील एवढे पोहे आणि जलेबी बांधून घेतली आणि महूची बस धरली. मांडीवर ती गरम पुडकी, आणि तोंडात एकच वाक्य. बसभर तेच घोळवत होतो. शेजारचा माणूस म्हणाला, "क्या हुआ बाबूजी, तबीयत ठीक है?"

सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. आत भिंतीवर चादर लावली होती आणि तिच्यावर काळा पडदा, पांढरी अक्षरं. कोणीतरी कोणाचं तरी मशीन नुकतंच फोडलं असावं, कारण सगळे गप्प होते. मॅडमची खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. केस पांढरे झाले होते. हातात चष्मा, आणि पदराने काचा पुसणं चाललेलं.

मी खिडकीबाहेर उभा होतो. त्यांचं तोंड सरळ माझ्याकडे होतं. चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना उन्हात उभं असलेलं कोणीतरी दिसत असेल, एवढंच. त्या वाट बघत होत्या. मी पुडकी डाव्या हातात घेतली. उजवा हात मोकळा झाला. तो खांद्यापर्यंत आला असेल.

तेवढ्यात आतून एका मुलीचा आवाज आला, "पोहे माझ्याकडे, मॅम!" हशा झाला, टाळ्या पडल्या. मॅडमनी चष्मा लावला आणि हसत वर्गाकडे वळल्या. मला त्यांची पाठ दिसली.

पुडकी दाराशी चपलांजवळच्या बाकावर ठेवली आणि मी बसस्टँडकडे चालू लागलो. कोणी ठेवली हे त्यांना कधी कळलं का, ते मला माहीत नाही. पुन्हा जाईन म्हणत राहिलो.

मॅडम, ती फाइल माझी होती. परवानगी मी दिली होती. त्या सकाळी बंदही मीच केली.

पोहे माझ्याकडे.